पाटीवरचा उद्या

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहिरातकार पीयूष पांडे गेले, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या आणि घडवलेल्या जाहिराती पुन्हा एकदा पाहण्यात माझे दोन-तीन दिवस गेले. जाहिरातींशी माझा संबंध प्रेक्षक म्हणून आहेच, शिवाय काही वर्षे मी हिंदी जाहिरातींच्या मराठी संहिता लिहिण्याचे कामही केले आहे. त्यामुळे एखादी जाहिरात हसवते की नाही एवढ्यावर माझे समाधान होत नाही. हसू नेमके कुठे आले, ते वस्तूमुळे आले की वस्तूचा काहीच हातभार नसताना आले, हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. यासाठी मी एक साधी परीक्षा करते. जाहिरातीतली वस्तू काढून टाकायची आणि तोच विनोद कोणाला तरी सांगून पाहायचा. विनोद जसाच्या तसा उभा राहिला, तर जाहिरात फसली असे मी मानते, मग लोक कितीही हसोत.

या परीक्षेत सर्वांत उत्तम उतरणारी जाहिरात माझ्या मते फेव्हिकॉलची बसची आहे. २००२ सालची ही जाहिरात पीयूष यांचे भाऊ प्रसून पांडे यांनी दिग्दर्शित केली होती. राजस्थानातल्या ओसाड, खडबडीत रस्त्यावरून एक बस येते. तिच्या टपावर, दारात, बाजूंना, जिथे म्हणून हात-पाय टेकवता येईल तिथे माणसे लटकलेली आहेत. बस हिंदकळते आणि माणसांचा तो सगळा डोलारा तिच्याबरोबर एका लयीत हिंदकळतो, पण त्यातला एकही माणूस खाली पडत नाही. कोणी काही बोलत नाही, कोणी कॅमेऱ्याकडे पाहून तोंड वेडेवाकडे करत नाही, हसा म्हणून सांगणारे संगीतही नाही. बस पुढे निघून जाते, तिची पाठ दिसते, आणि त्या पाठीवर फेव्हिकॉलची पाटी असते.

या जाहिरातीचे कौशल्य असे, की पहिला बहुतेक भाग आपण ती जाहिरात म्हणून पाहतच नाही. ज्याने वडापच्या जीपला लटकून तालुक्याच्या गावापर्यंत प्रवास केला आहे, त्याला हे दृश्य नवे नाही. लिहिणाऱ्याने विनोदासाठी काही नवीन रचलेले नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचे एक कारण त्याने शेवटच्या क्षणी पुरवले आहे. ही माणसे पडत कशी नाहीत, हा प्रश्न आपल्या मनात कधी ना कधी येऊन गेलेला असतो आणि पाटी त्याचे उत्तर देते. पाटी काढून टाका, म्हणजे गर्दीने भरलेली एक बस उरते, दुसरे काही उरत नाही.

फेव्हिकॉलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ती मी लहानपणी प्रत्यक्ष पाहिली आहे. आमच्या जुन्या घरात कपाटाचे काम चालू असताना येणारे म्हातारे सुतार सरस वापरत. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला तो सरस पत्र्याच्या डब्यात पाणी घालून स्टोव्हवर गरम करावा लागे, त्याचा उग्र वास सगळ्या घरभर पसरे, आणि तो निवायच्या आत लाकडाला लावून सांधा आवळायचा म्हणून त्यांची एकच घाई उडे. त्यांच्याबरोबर काम करणारा त्यांचा पुतण्या मात्र पांढऱ्या डब्यातला फेव्हिकॉल बोटाने काढून निवांतपणे लावत असे आणि वर काकांना ऐकवत असे, की लाकूड फाटेल, पण हा सांधा सुटायचा नाही. हे वाक्य त्याचे एकट्याचे नव्हते. सुतारकाम करणाऱ्या कित्येकांच्या तोंडी मी ते पुढे ऐकले. पिडिलाइट कंपनीने १९५९ मध्ये हा पदार्थ आणला तो मुळात या कारागिरांसाठी, आणि सांधा ओढणारे दोन हत्ती हे फेव्हिकॉलचे चिन्हही याच बढाईचे चित्र आहे. म्हणजे अतिशयोक्तीचे बीज एखाद्या वातानुकूलित खोलीत पेरलेले नव्हते, ते सुताराच्या बोलण्यात आधीपासून होते. त्या बोलण्याला जाहिरातीने आणखी पुढे नेले, आणि म्हणून ती खोटी वाटत नाही.

याच फेव्हिकॉलची अंड्याची जाहिरात आठवून पाहावी. स्वयंपाकी अंडे फोडायला जातो आणि ते काही केल्या फुटत नाही. नंतर आपल्याला कोंबडी दिसते, आणि ती दाणे टिपत असते फेव्हिकॉलच्या रिकाम्या डब्यातून. इथे विनोदाचा क्रम उलटा लावलेला आहे. परिणाम आधी दाखवला आणि कारण मागून दिले, त्यामुळे मधल्या काही क्षणांत प्रेक्षक स्वतः विचार करू लागतो, आणि कारण दिसताच ते आपणच शोधून काढल्याचा आनंद त्याला मिळतो. कोंबडी आधी आणि अंडे नंतर दाखवले असते, तर तीच गोष्ट माहितीपटासारखी कोरडी झाली असती.

अतिशयोक्ती ही जाहिरातीतील विनोदाची सर्वांत जुनी युक्ती आहे आणि तिचा एक कडक नियम आहे. प्रेक्षकाने एकच अशक्य गोष्ट मान्य करायची. तिच्यानंतर जे जे घडेल ते तर्काला धरून घडले पाहिजे. हॅपिडेंट च्युइंगमची राजवाड्याची जाहिरात हा नियम फार सुंदर पाळते. प्रसून जोशी यांची ही कल्पना राम माधवानी यांनी चित्रित केली. च्युइंगमने दात चमकतात, इतके चमकतात की त्यांचा उजेड पडतो, एवढे एक आपण मान्य करायचे. मग रस्त्यावरच्या दिव्याच्या जागी माणूस, गाडीच्या दिव्याच्या जागी माणूस, राजवाड्याच्या झुंबरात माणसे, आणि कामावर पोहोचायला उशीर झालेला एक जण धावतपळत जाऊन त्या झुंबरातली आपली जागा घेतो. तंत्राच्या दृष्टीने तिच्यात मला एकही दोष सापडत नाही. तरीही ती पाहताना माझ्या मनात एक अस्वस्थता असते, आणि ती सांगितल्याशिवाय तिचे कौतुक पुरे होत नाही. राजाच्या मेजवानीला उजेड मिळावा म्हणून गरीब माणसे खांबांवर आणि छताला टांगून घेत आहेत आणि हसत आहेत, हे चित्र आपल्या समाजात केवळ कल्पनेचे राहत नाही. नोकर माणसाला वस्तू मानण्याचा अनुभव इथे शेकडो वर्षांचा आहे. ही अस्वस्थता जाहिरातीला अभिप्रेत असती तर ती थोर कलाकृती ठरली असती. तिला ती अभिप्रेत आहे असे मात्र मला कुठेही जाणवत नाही.

आता माझ्या परीक्षेत न बसणारे, पण तिला अवघड प्रश्न विचारणारे एक उदाहरण. २०२१ मध्ये क्रेड या क्रेडिट कार्डाची बिले भरण्याच्या ॲपच्या जाहिरातीत राहुल द्रविड बंगळूरच्या वाहतूक कोंडीत गाडीतून बाहेर येऊन आरडाओरडा करताना, बॅटने शेजारच्या गाडीचा आरसा फोडताना आणि आपण इंदिरानगरचा गुंड असल्याचे गर्जून सांगताना दिसला. सोळा वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत ज्या माणसाचा आवाज चढलेला सहसा कोणी ऐकला नाही, त्याला चिडलेला पाहणे हाच विनोद होता, आणि त्याचे अर्धे काम प्रेक्षकाच्या स्मरणाने आधीच करून ठेवले होते. द्रविड ज्याला माहीत नाही त्याला त्या जाहिरातीत फक्त एक संतापलेला गृहस्थ दिसेल. वस्तूचा संबंध एवढाच, की क्रेडिट कार्डाचे बिल भरल्यावर बक्षीस मिळते हे ऐकायला द्रविडच्या रागाइतकेच अविश्वसनीय वाटते. ही तुलना आहे, सांधा नाही. तिथे विमा, बूट किंवा बासमती तांदूळ ठेवला तरी विनोदाला धक्का लागत नाही. मी स्वतः ती जाहिरात कितीतरी वेळा पाहिली आणि प्रत्येक वेळी मनापासून हसले, तरी माझे मत बदललेले नाही. तिथे कष्ट द्रविडच्या कीर्तीने केले आणि श्रेय जाहिरातीला मिळाले.

आता ज्या विषयावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तिकडे वळते. मराठी वाहिन्यांवर दिसणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या कितीतरी जाहिराती मराठीत जन्मलेल्याच नसतात. त्या हिंदीत लिहिल्या जातात, हिंदीत चित्रित होतात आणि शेवटच्या टप्प्यावर, बऱ्याचदा एका दिवसाच्या मुदतीत, मराठीत उतरवल्या जातात. माझ्या हाती येई ती पक्की झालेली फिल्म आणि प्रत्येक वाक्यासमोर त्याचे सेकंद लिहिलेला कागद. पडद्यावरच्या व्यक्तीचे ओठ हिंदीत हलत असत आणि मला त्या ओठांत मराठी बसवायची असे. हिंदीतले वाक्य प, ब किंवा म या अक्षरांवर मिटत असेल, तर मराठीतही त्याच ठिकाणी ओठ मिटणारे अक्षर शोधावे लागे. हिंदीतल्या एका अक्षराच्या ‘है’साठी मराठीत ‘आहे’ ही दोन अक्षरे लागतात, म्हणून वाक्य क्रियापदाशिवाय संपवण्याकडे कल होतो. ‘त्वचेला बनवते मुलायम’, ‘केसांना देते दुप्पट ताकद’ अशी वाक्ये या अडचणीतून तयार झाली आणि हळूहळू अडचण नसतानाही तशीच लिहिली जाऊ लागली. कोणतीही मराठी बाई आपल्या बहिणीला ‘हे त्वचेला मुलायम बनवते’ असे सांगत नाही. ती ‘याने कातडी कशी मऊ राहते बघ’ असे म्हणते. ‘विश्वास ठेवा’चे ‘विश्वास करा’ झाले, ‘मला मदत करा’चे ‘माझी मदत करा’ झाले, आणि आता ही रूपे जाहिरातीबाहेरही ऐकू येतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण ज्या लहान मुलांच्या कानांवर दिवसातून अनेक वेळा हीच मराठी पडते, त्यांना ती चुकीची आहे असे वाटण्याचे काही कारणच उरत नाही.

माहिती सांगणारे वाक्य असे वेडेवाकडे झाले तरी निदान अर्थ पोहोचतो. विनोदाचे तसे नसते. एका घरगुती यंत्राची जाहिरात माझ्याकडे आली होती. यंत्राचा दावा असा होता, की त्याला दुरुस्तीची वेळच येत नाही. जाहिरातीत दुसऱ्याच कुठल्या यंत्राने छळलेली एक गृहिणी दारात उभी आहे आणि कारागीर नेहमीप्रमाणे ‘कल आऊँगा’ म्हणून निघाला आहे. ती त्याला विचारते, ‘कौन-सा कल? बीता हुआ, या आनेवाला?’ माझ्या परीक्षेत ही जाहिरात उत्तम बसत होती, कारण कारागिराची वाट पाहण्यातून सुटका करणारी वस्तू हेच त्या प्रश्नाचे उत्तर होते. पण विनोद सगळा हिंदीतल्या ‘कल’ या शब्दावर उभा होता. हिंदीत काल आणि उद्या यांना एकच शब्द आहे. मराठीत ते दोन वेगळे शब्द आहेत आणि ‘झालेला उद्या’ असे म्हटले, तर ऐकणारा हसत नाही, तो बुचकळ्यात पडतो.

मी दोन दिवस त्या एका ओळीवर घालवले. मराठीत ‘उद्या’ या शब्दाभोवती काय काय आहे, कोण कोणाला उद्या म्हणून परत पाठवतो, हे आठवत बसले, आणि मग वाण्याच्या दुकानातली पाटी डोळ्यांसमोर आली: आज रोख, उद्या उधार. जो कधीच उजाडत नाही असा उद्या मराठी माणसाने कित्येक वर्षे भिंतीवर टांगलेला पाहिला आहे. मी ओळ लिहिली, ‘कोणता उद्या? पाटीवरचा, की कॅलेंडरवरचा?’ लांबी जवळपास तेवढीच होती आणि ताल चांगला होता. आवाज देणाऱ्या कलावंत बाईंनी ती पहिल्याच वाचनात अशी म्हटली, की काचेपलीकडचा ध्वनिमुद्रकही हसला.

ओळ मंजुरीसाठी पाठवली गेली. मंजुरी देणाऱ्यांना मराठी येत नसल्याने प्रत्येक ओळीचा अर्थ हिंदीत लिहून द्यावा लागे. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, की मूळ संहितेत पाटी कुठेही नाही, तरी ओळ मुळाप्रमाणे करून द्यावी. पाटी म्हणजे काय, ती मराठी प्रेक्षकाला का समजेल, हे मी लेखी कळवले. त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी प्रसारित झाली ती ओळ, ‘कोणता उद्या? झालेला, की येणारा?’ मूळ शब्दांना तिच्याइतके चिकटून राहणे शक्य नव्हते, आणि त्या चिकटण्यात विनोद पूर्ण नाहीसा झाला होता. भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द, असे मानणाऱ्यांच्या हाती विनोद सोपवला की त्याचे हे असे होते. यात मराठीचे काही कमी पडले नव्हते. तिच्याकडे स्वतःचा विनोद तयार होता, तो नाकारला गेला.

म्हणूनच चित्रातला विनोद भाषा ओलांडून जातो आणि बोलण्यातला अडतो, हे विधान मला अर्धवट वाटते. ते वरवर खरे आहे. २००९ च्या आयपीएलमध्ये व्होडाफोनच्या झूझूंनी जो आनंद दिला, त्याला कोणत्याच भाषेची गरज नव्हती. पांढरी, गोल पोटाची, मोठ्या डोक्याची ती पात्रे अनेकांना संगणकावर काढलेली वाटत. प्रत्यक्षात प्रकाश वर्मा यांच्या चमूने केप टाउनमध्ये माणसांना ते पोशाख घालून त्यांचे चित्रीकरण केले होते. ती आपापसांत जे बोलत ते निरर्थक आवाज असत, त्यामुळे मराठी रूपांतराचा प्रश्नच आला नाही. पण बोलीतून उभा राहिलेला विनोदही दुसऱ्या भाषेत नीट जाऊ शकतो, जर त्याच्या मुळाशी असलेली चाल त्या भाषेतही असेल. ‘थंडा मतलब कोका-कोला’ ही प्रसून जोशी यांची मोहीम उत्तरेत पाहुण्याला ‘थंडा लेंगे?’ असे विचारतात या एका रिवाजावर उभी होती. आपल्याकडेही ‘चहा घेणार की थंड?’ असे विचारतातच. त्यामुळे विहिरीतून बादली ओढून तीतल्या गार बाटल्या वर काढणारा आमिर खानचा पंजाबी शेतकरी इथल्या प्रेक्षकाला परका वाटला नाही. शिवाय त्या मालिकेत बोली बोलणारा माणूस हा नेहमी चतुर माणूस होता. हसू त्याच्याबरोबर होते.

हे मुद्दाम सांगते, कारण हिंदी जाहिरातींत मराठी बोलणारे पात्र आले, तर ते पुष्कळदा घरकाम करणाऱ्या बाईचे किंवा हवालदाराचे असते, आणि त्याचे उच्चार हाच विनोद मानला जातो. त्या बाईला शहाणपणाचे एखादे वाक्य देऊन पाहावे, ती जाहिरात किती उंच जाईल याची कल्पना येईल.

अखेरची एक तक्रार कात्रीबद्दल आहे. दूरचित्रवाणीवर वेळ दहा सेकंदांच्या हिशेबाने विकला जातो आणि केबल टेलिव्हिजनच्या नियमांनी तासाला १२ मिनिटांची मर्यादा घातलेली आहे. साहजिकच ४० सेकंदांची फिल्म काही दिवस दाखवली की तिची २० सेकंदांची आणि पुढे १० सेकंदांची आवृत्ती येते. कापणारा माणूस शब्द ठेवतो, वस्तूचे चित्र ठेवतो, कंपनीचे नाव तर ठेवतोच. कापला जातो तो विराम. कारागीर ‘उद्या येतो’ म्हणाला आणि गृहिणीने प्रश्न विचारला, यांच्यामध्ये मूळ फिल्ममध्ये तिने त्याच्याकडे रोखून पाहण्याचा एक क्षण होता. छोट्या आवृत्तीत तो गेला, आणि आधीच निर्जीव झालेली ओळ आणखी घाईने पडद्यावरून निघून जाऊ लागली. विनोद करणाऱ्याला त्या एका क्षणाची किंमत कळते. अंड्याच्या जाहिरातीत स्वयंपाकी आणि कोंबडी यांच्यामधली वेळ काढून टाकली, तर काय उरेल?

ती जाहिरात चालू होती त्या महिन्यांत मी संध्याकाळी आईजवळ मालिका पाहायला बसत असे. आईला अलीकडे कमी ऐकू येते, त्यामुळे ती चेहरे पाहून गोष्ट जुळवते आणि अडले की मला विचारते. जाहिरात लागली, कारागीर पिशवी उचलून निघाला, गृहिणी काहीतरी म्हणाली, आणि आईने माझ्याकडे वळून विचारले, “ती बाई काय म्हणाली गं त्याला?”

मी तिच्या कानाशी वाकून सांगितले, “तो म्हणाला उद्या येतो. ती म्हणाली, कोणता उद्या? पाटीवरचा, की कॅलेंडरवरचा?”

आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसत तिने माहेरच्या गल्लीतल्या वाण्याची गोष्ट सांगितली. त्याच्या दुकानात गल्ल्याच्या वरच तांबड्या अक्षरांत ती पाटी होती, आणि आजी पिशवी घेऊन गेली की तो पाटीखाली बसूनच वहीत नाव लिहून सामान द्यायचा.